गाडीतला गॅस जातो कुठे?

मे महिन्यात उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाडीचं दार उघडून पाहिलंय कधी? आतली हवा सहज ५० अंशांच्या पुढे गेलेली असते. सीट चटका देते, बेल्टचं बक्कल हातात धरवत नाही. मग मोठी माणसं घाईघाईनं एसी लावतात. एरवी दोन मिनिटांत गार वारा यायला लागतो. पण एखाद्या उन्हाळ्यात पंखा जोरात फिरत राहतो आणि हवा मात्र कोमटच येते. अशा वेळी गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एसीचा गॅस संपला वाटतं. भरून घ्यायला हवा."

आता जरा विचार करा. पेट्रोल संपतं, कारण ते इंजिनात जळतं. पण एसीचा गॅस कुठेच जळत नाही. तो धुराबरोबर बाहेर पडत नाही आणि गार वाऱ्यात मिसळून आपल्याकडेही येत नाही. चहूबाजूंनी बंद असलेल्या नळ्यांतून तो नुसता गोल गोल फिरत असतो. मग तो संपेल कसा?

या कोड्याचं उत्तर शोधायचं, तर आधी हा गॅस तिथे करतो काय ते पाहायला हवं.

गारवा येतो कुठून?

इंजेक्शन देण्याआधी दंडाला स्पिरिटचा बोळा लावतात, आठवतं? बोळा फिरला की तेवढी जागा गार पडते. स्पिरिट काही फ्रिजमधून काढलेलं नसतं. ते भराभर उडून जातं, आणि द्रवाची वाफ व्हायची तर उष्णता लागते. ती उष्णता स्पिरिट आपल्या कातडीकडून घेतं, म्हणून आपल्याला गार लागतं.

गाडीचा एसी याच नियमावर चालतो. फक्त त्यात स्पिरिटऐवजी एक खास पदार्थ असतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत त्याचं नाव आहे आर-१३४ए. याच्या एका रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचे २ आणि फ्लोरिनचे ४ अणू असतात. पाणी १०० अंशांना उकळतं. हा पदार्थ उघड्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो! म्हणजे भांड्यात ओतला, तर चूल न पेटवता तो खळखळा उकळेल आणि भांड्यावर बर्फ धरेल.

याची आणखी एक गंमत आहे. त्याच्यावर दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदूही वर चढतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० पाउंड हवा भरतात ना, तेवढ्या दाबाखाली हा पदार्थ शून्याच्या जरा वर उकळतो. दाब २३० पाउंडांच्या आसपास नेला, तर त्याला उकळायला ६० अंश लागतात. साध्या शब्दांत सांगायचं, तर दाब कमी केला की तो थंड असतानाच उकळतो. दाब वाढवला की भर उन्हाळ्यातही त्याचा पुन्हा द्रव करता येतो. एसीचं सगळं यंत्र या एका गमतीवर उभं आहे.

नळ्यांमधला हमाल

आर-१३४ए म्हणजे उष्णतेचं ओझं वाहणारा हमाल आहे असं समजा. गाडीच्या आतलं ओझं उचलायचं, बाहेर नेऊन टाकायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं, हे त्याचं काम. त्याच्या वाटेवरचे थांबे पाहू.

पहिला थांबा डॅशबोर्डच्या मागे असतो. तिथे पातळ पत्र्यांनी वेढलेल्या नळ्यांचा एक चौकोन असतो, त्याला गॅरेजमध्ये कूलिंग कॉइल म्हणतात. इथे दाब कमी असतो, त्यामुळे आत आलेला द्रव लगेच उकळायला लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेकडून घेतो. पंखा हीच हवा कॉइलवरून आपल्याकडे ढकलतो, आणि आपल्याला ती गार लागते. हवेतलं बाष्पही त्या गार कॉइलवर जमतं आणि पाणी होऊन एका नळीतून खाली ठिबकतं. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं, ते हेच. ती गळती नव्हे, बरं का! ते हवेतूनच आलेलं स्वच्छ पाणी असतं.

दुसरा थांबा कॉम्प्रेसर. हा बॉनेटखाली असतो आणि बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. कॉइलमधून आलेली वाफ तो दाबतो. दाबल्यावर ती चांगलीच तापते.

तिसरा थांबा कंडेन्सर. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे ही जाळी असते. समोरून येणारा वारा तिच्यावरून जातो. मे महिन्यातला ४० अंशांचा वाराही इथे थंडच म्हणायचा, कारण आतली वाफ त्याहून कितीतरी गरम असते. ती आपली उष्णता वाऱ्याला देते आणि पुन्हा द्रव होते. हमालानं ओझं खाली ठेवलं ते इथे.

चौथा थांबा म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्ह, एक बारीकशी वाट. तिच्यातून पलीकडे गेल्या गेल्या दाब एकदम उतरतो, द्रव गारेगार होतो आणि पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये शिरतो. एका मिनिटात अशा कित्येक फेऱ्या होतात.

आणि हे सगळं किती गॅसवर चालतं? लहान गाडीत साधारण ३५० ते ६०० ग्रॅम. अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीइतकं वजन, त्यावर अख्खी गाडी गार!

डब्यातून गाडीत

अमेरिकेत पुष्कळ लोक हा गॅस घरच्या अंगणातच भरतात. तिथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात साधारण ३४० ग्रॅमचे छोटे डबे मिळतात. डब्याला एक नळी, नळीला एक गेज. आपल्याकडे हे काम बहुधा गॅरेजमध्ये होतं. तिथे मोठा सिलिंडर असतो आणि दोन गेजचा संच असतो, एक निळा, एक लाल. निळा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या बाजूचा. पण डबा असो की सिलिंडर, त्यामागचं विज्ञान एकच आहे.

गॅस भरायला पंप लागत नाही, हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बाहेर ३० अंश तापमान असलं, तर डब्यातला दाब असतो जवळजवळ १०० पाउंड, टायरच्या तिप्पट. इंजिन आणि एसी चालू असला की कमी दाबाच्या बाजूला असतात साधारण ३० पाउंड. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणं हा वायूचा स्वभावच आहे. झडप उघडली की गॅस आपसूक आत शिरतो.

आता डब्याकडे नीट पाहा. बघता बघता तो गार पडतो, त्याच्यावर दव जमतं, कधी कधी बर्फाचा पांढरा थरही येतो. असं का? गॅस बाहेर पडला की डब्यातला उरलेला द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता डब्याच्या पत्र्याकडूनच घेतो. कूलिंग कॉइलमध्ये जे घडतं, तेच इथे आपल्या डोळ्यांसमोर घडत असतं! पण डबा फार गार झाला की त्याचा दाब उतरतो आणि गॅस पुढे सरकेनासा होतो. म्हणून कारागीर तो कोमट पाण्यात धरतात. कोमटच हं! उकळत्या पाण्यात किंवा आगीजवळ धरला, तर आतला दाब भयंकर वाढून डबा फुटतो.

एसी चालू असताना गॅस नेहमी कमी दाबाच्या बाजूनंच भरायचा असतो. जास्त दाबाच्या बाजूला २०० पाउंड किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. तिथे डबा जोडला, तर गाडीतलाच गरम गॅस उलटा डब्यात घुसेल आणि डबा फुटेल. ही चूक होऊ नये म्हणून आर-१३४ए च्या यंत्रणेत दोन्ही बाजूंच्या तोट्या वेगवेगळ्या मापाच्या केल्या आहेत. कमी दाबाची नळी जास्त दाबाच्या तोटीवर बसतच नाही. माणूस चुकू शकतो हे ओळखून वस्तूच अशी घडवायची की चूक करता येऊ नये! चांगलं इंजिनिअरिंग म्हणतात ते हे.

छोट्या डब्यानं भरताना डबा उभा धरायलाही कारण आहे. उभ्या डब्यातून वरची वाफ जाते, उलटा धरला तर द्रव जातो. वाफ दाबता येते, द्रव जवळजवळ दाबलाच जात नाही. कॉम्प्रेसरमध्ये द्रव शिरला, तर तो दाबायच्या खटपटीत कॉम्प्रेसरच मोडतो.

जास्त भरला तर जास्त गार?

असं वाटतं खरं, पण तसं होत नाही. गॅस प्रमाणाबाहेर गेला की कंडेन्सरमधली बरीचशी जागा द्रवानंच भरून जाते. वाफेला उष्णता टाकायला जागा उरत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वारा उलट कमी गार येतो. म्हणून बॉनेटखाली एक छोटं लेबल असतं. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, ते त्यावर छापलेलं असतं. चांगला कारागीर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवतो आणि लेबलावरच्या आकड्याइतकाच गॅस भरतो.

घरी भरण्याची मोठी अडचण इथेच येते. आत आधीचा गॅस किती उरलाय, हे घरच्या डब्याला कळत नाही. त्याच्यावरचं गेज फक्त दाब दाखवतं, आणि दाब तर बाहेरच्या तापमानाबरोबर बदलत राहतो. गॅरेजमधल्या यंत्रानं आधी उरलेला सगळा गॅस ओढून घेता येतो. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्या रिकाम्या करतात आणि शून्यापासून मोजून भरतात.

या व्हॅक्यूमचं काम फार मोलाचं आहे. नळ्यांत हवा राहिली, तर ती एसीच्या दाबाखाली द्रव होत नाही, नुसती जागा अडवते. पाणी राहिलं, तर ते एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत गोठून वाट बंद करतं, शिवाय आतून गंज आणतं. पण दाब अगदी कमी केला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं, आणि पंप ती वाफ ओढून टाकतो. पाणी तापवायचं नाही, तरी उकळवून काढायचं!

मग गॅस गेला कुठे?

आता आपल्या कोड्याकडे वळू. गॅस संपत नाही. तो गळतो.

रबरी नळ्यांमधून आणि सांध्यांमधून वर्षाला काही ग्रॅम गॅस निसटतो, अगदी धडधाकट गाडीतूनही. म्हणून बऱ्याच वर्षांनी थोडा गॅस कमी होणं समजण्यासारखं आहे. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नाहीसा झाला असेल, तर नक्की कुठेतरी भोक आहे. सांध्यातली रबराची चकती कडक झाली असेल, रस्त्यावरचा खडा उडून कंडेन्सरला लागला असेल, नाहीतर कूलिंग कॉइल गंजली असेल.

हे भोक सुईच्या टोकाहूनही लहान असू शकतं. ते शोधायचं कसं? ही अगदी गुप्तहेराची कामगिरी आहे. पहिला पुरावा तेलाचा. कॉम्प्रेसरला वंगण म्हणून थोडं तेल गॅसबरोबर फिरत असतं. गॅस निसटला की तेलाचा अंशही बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. सांध्यावर काळपट, चिकट डाग दिसला की संशय घ्यायचा. दुसरी युक्ती साबणाच्या पाण्याची. नळ्यांत नायट्रोजन दाबानं भरायचा आणि सांध्यांवर फेस लावायचा. बुडबुडे आले की चोर सापडला! तिसरी युक्ती रंगाची. यंत्रणेत एक खास रंग सोडतात. जिथे गळती असेल, तिथे अतिनील दिव्याच्या उजेडात तो हिरवापिवळा चमकतो.

गॅस फारच कमी झाला, तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. कमी दाब ओळखणारं बटण किंवा सेन्सर त्याला थांबवतो. तेल गॅसबरोबर फिरतं ना? गॅस नाही, तर तेल पोहोचणार नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर घासून खराब होईल.

आणि हो, वारा गार येत नाही म्हणजे दोष गॅसचाच असेल असंही नाही. कंडेन्सरवर चिखल बसलेला असतो, त्याचा पंखा बंद पडलेला असतो किंवा केबिन फिल्टर धुळीनं गच्च भरलेला असतो. तपासल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे ताप न मोजताच औषध घेणं.

गळलेला गॅस आकाशात काय करतो?

हे सगळं मी तुम्हाला इतकं खोलात जाऊन सांगतोय, त्याचं खरं कारण इथे आहे.

पूर्वीच्या फ्रिजांमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. ते गळले तर जिवावर बेतायचं. म्हणून १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षित पदार्थ शोधून काढला. त्याला पुढे आर-१२ म्हणू लागले. १९३० मध्ये मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू स्वतः छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवून दाखवली. तो विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं कारखान्यातच बसवलेला एसी गाडीत आणला. पुढे कित्येक वर्षं गाड्यांच्या एसीत हाच आर-१२ फिरत होता.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली. आर-१२ मध्ये क्लोरिन असतो. हा वायू जवळजवळ १०० वर्षं हवेत टिकतो, हळूहळू उंच जातो, आणि तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्यातला क्लोरिन सुटा होतो. क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो. ओझोनचा थर तर आपल्याला त्याच अतिनील किरणांपासून वाचवतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनचा थर भयंकर विरळ होत असल्याचं दाखवून दिलं.

मग जगानं एक मोठं काम केलं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. पुढे जगातले सगळे देश त्यात आले, आपला भारतही १९९२ मध्ये आला. आर-१२ बंद होत गेला आणि त्याच्या जागी क्लोरिन नसलेला आर-१३४ए आला. ओझोनची जखम आता भरू लागली आहे. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० सारखा होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १६ सप्टेंबर हा दिवस जगभर ओझोन दिन म्हणून पाळतात, तो याचसाठी.

पण आर-१३४ए मध्येही एक खोट निघाली. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे.

चला, एक गणित करू. अर्धा किलो गॅस गळला, तर तो ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे हा हिशेब झाला ३०० लिटर पेट्रोलचा. लिटरला १५ किलोमीटर धरले, तर ४,५०० किलोमीटर. मुंबईहून दिल्ली गाठायची, परत यायचं, आणि पुन्हा दिल्लीला जायचं! एवढ्या प्रवासाचा धूर एका न दिसणाऱ्या भोकातून निघून जातो. आवाज नाही, वास नाही, कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात देशांनी पुन्हा एकत्र येऊन असे वायू कमी करायचं ठरवलं. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपात २०१७ पासून नव्या मोटारींच्या एसीत आर-१३४ए भरत नाहीत. तिथे आता बहुतेक आर-१२३४वायएफ वापरतात. तो हवेत काही दिवसांतच मोडून जातो. आर-१२ सुमारे १०० वर्षं टिकायचा, आर-१३४ए सुमारे १४ वर्षं, आणि हा काही दिवस. बघा, माणूस शिकतो! अमेरिकेत डबे अजून मिळतात, पण २०१८ पासून तिथे बनणाऱ्या छोट्या डब्यांना आपोआप बंद होणारी झडप सक्तीची आहे. डबा काढला की उरलेला गॅस आतच राहतो.

तुम्ही काय करायचं?

गॅस भरणं हे मुलांचं काम नाही. त्याचा द्रव कातडीवर उडाला तर हिमदाह होतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. कारागीरसुद्धा चष्मा आणि हातमोजे घालतात. गॅस भरताना तुम्ही लांब उभे राहा. पण लांबूनही तुम्ही मोठं काम करू शकता. पुढच्या वेळी गाडी गॅरेजमध्ये गेली की मोठ्यांबरोबर जा आणि हे प्रश्न विचारा :

१. काका, गळती कुठे आहे ते सापडलं का?
२. जुना गॅस हवेत सोडणार, की यंत्रात ओढून घेणार?
३. व्हॅक्यूम किती वेळ लावणार?
४. लेबलावर किती ग्रॅम लिहिलंय, आणि तुम्ही किती भरणार?

चांगल्या कारागिराला असे प्रश्न आवडतात. तो तुम्हाला गेज दाखवेल, गार पडलेल्या सिलिंडरवरचं दव दाखवेल. आणि कुणी म्हणालं, "राहू दे ती गळती, नुसता गॅस भरून टाका, हा उन्हाळा निघून जाईल," तर त्यांना ते दिल्लीच्या प्रवासाचं गणित करून दाखवा. आधी भोक बुजवायचं, मगच गॅस भरायचा. पैसे वाचतात, गाडी गार राहते, आणि आकाशावर आपलं ओझं पडत नाही.